चकली आणि अनारसा

आमच्या आत्याच्या हातची चकली आळीत प्रसिद्ध होती, असे वाक्य लिहायला मी घेतले आणि थांबले. प्रसिद्ध होते ते शेजारच्या काकूंचे अनारसे. आत्याची चकली संपत असे, इतकेच. दिवाळीच्या चार दिवसांत फराळाच्या डब्यांपैकी पहिल्याने रिकामा व्हायचा तो तिचा डबा. काटा असा उभा की बोटाला टोचावा, आत नळी पडलेली, दाताखाली येताच मोडणारी. भाजणी ती स्वतः भाजे, स्वतः उभी राहून दळून आणी, आणि सोऱ्या दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे. काकूंचे काम निराळे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचे, मग खसखशीवर थापून जीव मुठीत धरून तुपात सोडायचे. फराळाला आलेला पाहुणा अनारशाचा तुकडा मोडून उजेडाकडे धरी, त्याची जाळी न्याहाळी आणि मान डोलावून म्हणे, “वा! याला म्हणतात हात.” हे म्हणताना त्याचा स्वतःचा हात चकलीच्या ताटलीकडे गेलेला असे.

आत्याच्या हे ध्यानात आले नव्हते असे नाही. एका भाऊबिजेच्या रात्री भांडी आवरताना ती आईला म्हणाली, “वहिनी, माझं सगळे खातात हो, पण म्हणत कोणी काही नाही.” मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. डबा रिकामा झाला याहून आणखी काय हवे, हे मला कळेना. मी हसले, आणि आईने मला डोळ्यांनी दटावले.

पुष्कळ वर्षांनी मी एक जुनी चित्रफीत पाहिली आणि आत्याचे ते वाक्य जसेच्या तसे कानांत उभे राहिले. फीत १९७६ च्या आरंभीची, अमेरिकेतील आहे. एकोणतीस वर्षांचा एक तरुण दिग्दर्शक मित्रांबरोबर दूरदर्शन संचापुढे बसला आहे. ऑस्कर पारितोषिकांसाठी कोणाकोणाची नावे निवडली गेली हे आता जाहीर व्हायचे आहे. आपला आनंद टिपला जावा म्हणून छायाचित्रणाची माणसेही हजर आहेत. त्याच्या चित्रपटाचे नाव उत्कृष्ट चित्रपटांच्या यादीत येते. दिग्दर्शकांच्या यादीत मात्र त्याचे नाव नाही; तेथे इटलीच्या फेलिनीचे नाव आहे. तरुणाचा चेहरा उतरतो. आपली जागा फेलिनीने घेतली हे तो पुन्हा पुन्हा बोलून दाखवतो. हा स्टीव्हन स्पीलबर्ग. आदल्या उन्हाळ्यात आलेल्या त्याच्या ‘जॉज’ने तोवरच्या कोणत्याही चित्रपटापेक्षा अधिक गल्ला जमवला होता. डबा असा रिकामा झाला होता की तसा पूर्वी कोणाचा झाला नव्हता; आणि माणूस तोंड पाडून बसला होता.

‘जॉज’ ही एका शार्क माशाची गोष्ट. समुद्रस्नानासाठी गाजलेल्या एका बेटावर मासा माणसे खाऊ लागतो, आणि ऐन हंगामातला धंदा बुडेल म्हणून गावचा महापौर किनारा बंद करू देत नाही. (धंद्यासाठी माणसांना पाण्यात लोटणारा हा महापौर नेमका त्या काळच्या सर्वांत मोठ्या गल्लाभरू चित्रपटात असावा, याची मला नेहमी गंमत वाटते.) चित्रण पंचावन्न दिवसांत उरकायचे होते; लागले एकशे एकोणसाठ. खर्च ठरल्याच्या दुपटीवर गेला. कारण मासा यंत्राचा होता. गोड्या पाण्यात तो शहाण्यासारखा पोहला. खऱ्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उतरवल्यावर हरघडी बंद पडू लागला. मासा नाही आणि माशाचा चित्रपट तर पुरा करायचा! तेव्हा दिग्दर्शकाने तो दाखवण्याचाच नाद बराचसा सोडला. कॅमेरा पाण्याच्या रेघेवर ठेवला, पोहणाऱ्यांचे पाय खालून दाखवले, पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपे दाखवली, आणि जॉन विल्यम्सच्या संगीतातल्या दोन स्वरांवर बाकीचे काम सोपवले. मासा धडपणे दिसतो तोवर चित्रपट निम्म्याहून अधिक संपलेला असतो, आणि तोवर प्रेक्षकाने आपल्या मनात त्या यंत्रापेक्षा कितीतरी भयंकर मासा तयार केलेला असतो. न दाखवता दाखवणे ही उच्च कलेची खूण आहे असे आपण कवितेच्या बाबतीत खुशाल म्हणतो. येथे ती खूण बिघडलेल्या यंत्रातून निघाली आणि तिने पैसाही मिळवला.

अकादमीने ‘जॉज’ला तीन पारितोषिके दिली : संकलन, संगीत आणि ध्वनी. हात, कान, डोळे यांचा सत्कार झाला. डोके तेवढे वगळले गेले. आणि चित्रपटाच्या धंद्याने यातून धडा कोणता घेतला? मासा लपवावा, हा नव्हे. उन्हाळ्यात, चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच दिवशी, दूरदर्शनवर जाहिरातींचा मारा करून चित्रपट लावावा, हा. तो धडा धंदा आजवर गिरवीत आहे.

आमच्या घरी या विषयावर दर दिवाळीला वाद होतो. माझा भाचा हिशेबतपासनीस आहे. तो म्हणतो, ज्याला कोट्यवधी लोक स्वतःचे पैसे देऊन पाहतात तो चांगला. बाकी सारे पराभूतांचे समाधान. माझी बहीण महाविद्यालयात शिकवते. तिचे म्हणणे, गल्ला हा कलेचा पुरावा होऊच शकत नाही, असलाच तर संशयाचे कारण आहे. दोघांची बाजू वाचकांना पाठ असेल, म्हणून मी ती येथे लांबवीत नाही. मला खटकते ते निराळेच. पैशाच्या मागे लागलेल्याला आपण लोभी म्हणतो. नावाच्या मागे लागलेल्याला मात्र तत्त्वनिष्ठ म्हणतो. पण १९७६ मधल्या त्या तरुणाला हवी असलेली वस्तू लोभाबाहेरची होती काय? एका गर्दीने त्याला तिकिटाचे पैसे दिले होते, त्याला दुसरी, जरा छोटी, बऱ्या पोशाखातली गर्दी हवी होती. नाणे निराळे, टांकसाळ निराळी. हात पसरण्याची रीत तीच.

आणि गर्दीला काही कळत नाही, हे तरी आपण मराठी माणसांनी कोणत्या तोंडाने म्हणावे? तुकोबांची वही पाण्यात गेली आणि अभंग तरले, या कथेचा अर्थ पुष्कळजण असाच लावतात की ते लोकांच्या जिभेवर तरले. विद्वानांनी तर त्यांना बोलच लावला होता. त्याच तुकोबांवर १९३६ साली पुण्याच्या ‘प्रभात’ने, दामले-फत्तेलाल या जोडीने, ‘संत तुकाराम’ काढला. तो मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूच्या वारकऱ्याला आणि व्हेनिसच्या पंचांना एकच गोष्ट आवडली. असे नेहमी घडते असे नाही. पण एकदा घडले एवढ्यानेच भाचा आणि बहीण या दोघांच्याही नियमाला तडा जातो.

स्पीलबर्गचे पुढे तेच चालू राहिले. १९८२ चा ‘ई.टी.’ जगभर लोटला. परग्रहावरच्या त्या कुरूप पोरासाठी मुलांसह बापही रडले. पारितोषिके देण्याची वेळ आली तेव्हा रिचर्ड अ‍ॅटनबरोच्या ‘गांधी’ला आठ मिळाली, त्यांत उत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन ही दोन्ही. अ‍ॅटनबरो पुढे मोकळेपणाने म्हणाला की खरे तर ‘ई.टी.’लाच मिळायला हवे होते, तो चित्रपट अधिक कल्पक होता. (त्या आठांतले एक वेशभूषेचे पारितोषिक जॉन मोलोबरोबर कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळाले, ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय व्यक्ती. या बाईंनी ‘सी.आय.डी.’सारख्या धंदेवाईक हिंदी चित्रपटांचे कपडे आयुष्यभर त्याच निगुतीने केले होते. आपल्यामागे ती बाहुली नीट सांभाळली जाईल की नाही, या काळजीने २०१२ साली त्यांनी ती अकादमीकडेच परत पाठवली. कीर्तीचेही असे ओझे होते.) पुढे ‘द कलर पर्पल’ला अकरा नामांकने मिळाली, त्यांत दिग्दर्शकाचे नाव नाही, आणि अकरातून पारितोषिक एकही नाही. १९८७ मध्ये त्याला थालबर्ग पुरस्कार दिला गेला. हाच पुरस्कार १९६८ साली हिचकॉकला दिला होता. पाच वेळा नामांकन होऊनही दिग्दर्शनाचे पारितोषिक न मिळालेल्या त्या म्हाताऱ्याने दोन-चार शब्दांत आभार मानले आणि तो चालू लागला.

हिचकॉकची गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. हयातभर त्याला ‘भीतीचा व्यापारी’ समजले गेले. फ्रान्स्वा त्रुफो या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ मध्ये आठवडाभर त्याच्या मुलाखती घेऊन पुस्तक काढले, तेव्हा कुठे जाणकारांचे कान टवकारले. १९५८ मध्ये टीकाकारांना फारसा न रुचलेला त्याचा ‘व्हर्टिगो’ २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांच्या घेतलेल्या कौलात पहिला आला. हिचकॉक १९८० मध्येच वारला होता. असे हे निवृत्तिवेतन!

आता १९९३ कडे येते. माझ्या मनातला खरा प्रश्न त्या वर्षाशी अडखळतो.

ऑस्कर शिंडलर या जर्मन कारखानदाराने दुसऱ्या महायुद्धात आपल्या कारखान्यातले सुमारे अकराशे ज्यू वाचवले. त्या हकिगतीवरचे थॉमस केनेली याचे पुस्तक १९८२ पासून स्पीलबर्गच्या हाती होते. तो स्वतः ज्यू. दहा वर्षे त्याने ते टाळले; आपली तेवढी योग्यता नाही असे वाटून दुसऱ्या दिग्दर्शकांना देऊ केले. अखेर करायचे ठरवले तेव्हा चित्रसंस्थेच्या प्रमुखाने अट घातली : आधी डायनोसॉरचा चित्रपट पुरा कर. स्पीलबर्गने नंतर सांगितले की त्या गृहस्थाचे बरोबर होते. ‘शिंडलर’नंतर आपल्या हातून ‘ज्युरासिक पार्क’ झालाच नसता. मग १९९३ च्या मार्च महिन्यात तो पोलंडमधील क्राकोव शहरी गेला. दिवसा बर्फात, मूळ जागांवर, काळ्या-पांढऱ्या चित्रफितीवर ज्यूंच्या कत्तलीचे चित्रण. आणि रात्री बिऱ्हाडी परतल्यावर उपग्रहावरून अमेरिकेतून येणारी डायनोसॉरची चित्रे तपासून त्यांवर सूचना देणे. दिवसा माणसे मारली जात आहेत, रात्री डायनोसॉरची शेपटी जरा डावीकडे घ्यायची आहे! एका माणसाला हे कसे साधले असेल, याचा विचार करताना मला कधी त्याची कीव येते, कधी आदर वाटतो, आणि कधी थोडी भीती वाटते.

‘ज्युरासिक पार्क’ हिंदी बोलू लागला आणि १९९४ साली आमच्या साताऱ्यात आला. आत्याला मी हट्टाने नेले. ती तोवर साठीच्या पुढे गेली होती आणि देवादिकांचे सोडून इतर चित्रपट पाहत नसे. पाऊस पडतो आहे, गाडी बंद पडली आहे, आत दोन मुले आहेत. समोर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर एक वर्तुळ उठते, विरते, पुन्हा उठते. डायनोसॉर अजून दिसलेला नाही. आत्याने माझे मनगट असे धरले की बांगडी रुतली. घरी येताना म्हणाली, “तो एवढा मोठा प्राणी आला तेव्हा मी नाही भ्याले, पण ते पाणी हललं ना, तिथं मेले मी. कसं केलं असेल ग?” पुढे मी वाचले की गाडीच्या पुढच्या फळीखाली गिटारची तार ताणून ती छेडली, तेव्हा पाण्यावर ती वर्तुळे उठली. सबंध दोन तासांच्या चित्रपटात डायनोसॉर दिसतात ते सुमारे पंधरा मिनिटे. खाऱ्या पाण्यात बिघडलेल्या माशाने शिकवलेला धडा धंदा विसरला, तरी ज्याचा मासा होता तो विसरला नव्हता. आणि हे कारागिराचे मर्म भाजणी जाणणाऱ्या बाईने एका क्षणात हेरले, याचे मला त्या दिवशी नवल वाटले. आज वाटत नाही.

‘शिंडलर्स लिस्ट’ त्याच वर्षीच्या डिसेंबरात आला. पुढच्या मार्चमध्ये त्याला सात ऑस्कर मिळाले, त्यांत दिग्दर्शनाचे होतेच. ‘ज्युरासिक पार्क’लाही तीन मिळाले. चित्रपटापासून मिळणारे पैसे स्पीलबर्गने स्वतःसाठी घेतले नाहीत. तो रक्तलांछित पैसा होईल असे त्याचे म्हणणे. त्यातून १९९४ मध्ये संस्था उभी राहिली, आणि तिने नरसंहारातून वाचलेल्या माणसांच्या साक्षी चित्रफितीवर नोंदवल्या. त्यांची संख्या आज पन्नास हजारांच्या वर आहे. येथे गोष्ट संपवता आली असती. चकलीवाल्याने अनारसा केला, तो उत्तम जमला, पंगतीने वाहवा केली.

पण त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. शिंडलरच्या यादीतील बायकांची गाडी चुकून आउश्वित्झच्या छळछावणीत पोहोचते. त्यांचे केस कापले जातात, कपडे काढून घेतले जातात आणि त्यांना एका बंद दालनात लोटले जाते. स्नानाच्या नावाखाली विषारी वायू सोडतात, ही कुजबुज त्यांनी ऐकलेली आहे; आपल्यालाही ते माहीत आहे. कॅमेरा दारातल्या काचेच्या छिद्रातून आत डोकावतो. दिवे जातात. किंकाळी उठते. छतावरच्या नळ्यांकडे सगळ्यांचे डोळे. आणि मग नळ्यांतून येते ते पाणी. निव्वळ पाणी. बायका रडतात, हसतात; चित्रपटगृहातल्या आपलाही श्वास सुटतो.

मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाला हा प्रसंग असह्य वाटला. वायू येतो की पाणी येते, यावर उत्कंठा रचणे हीच गोष्ट अक्षम्य, असे त्याचे मत. क्लोद लान्झमान तर त्याही पुढचा. त्याने ‘शोआ’ हा साडेनऊ तासांचा चित्रपट केवळ साक्षीदारांच्या बोलण्यावर उभा केला, जुन्या चित्रणाचा एक तुकडाही वापरला नाही; या विषयाचे नाट्य करणे हेच त्याला अतिक्रमण वाटे.

मला हे पटते, आणि पुरते पटतही नाही. पटत नाही अशासाठी की घडले तसेच होते. सुमारे तीनशे बायका आउश्वित्झला गेल्या होत्या आणि काही आठवड्यांनी जिवंत बाहेर पडल्या. स्पीलबर्गने पाणी खोटे आणले नाही. शिवाय लगेच पुढे त्या बायका दुसऱ्या एका रांगेकडे पाहतात. ती रांग एका जिन्याने खाली उतरत असते आणि वर धुराड्यातून धूर निघत असतो. म्हणजे दिग्दर्शकाला जाणीव होती. पण ती रांग दिसते तेव्हा आपला श्वास सुटून गेलेला असतो. तो परत घेता येत नाही. मला पटते ते येथे. दारातले छिद्र, गेलेले दिवे, वर लागलेले डोळे, ही सगळी मांडणी माझ्या ओळखीची होती. ती पेल्यातल्या पाण्याची मांडणी होती. डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेले. त्यांच्या मरणाशी खेळ केला म्हणून तक्रार करायला कोणी नातेवाईक उरलेला नाही. तेथे प्रेक्षकाला भिववून शेवटी सोडवणे हा निर्मळ आनंद आहे, आणि तो देणे थोर काम आहे असे मी भाच्याच्या बरोबरीने म्हणेन. पण ज्या दालनात लाखोंसाठी पाणी आले नाही त्या दालनाच्या दाराशी मला उभे करून, क्षणभर भिववून, ‘जा, सुटलीस’ असे म्हणणे म्हणजे मला न शोभणारे सुख देणे होय.

लक्षात घ्या, येथे पैशाचा दोष नाही. पैसा तर त्याने नाकारला. कीर्तीचीही हाव नसेल. त्या चित्रपटातली कळकळ खोटी आहे असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. दोष असलाच तर हाताच्या वळणाचा आहे. वीस वर्षे ज्या हाताने एकाही प्रेक्षकाला अंधारात सोडून दिले नाही, त्या हाताला येथे ते जमले नाही. गल्लाभरू या शब्दातला गल्ला आपण नेहमी मोजत बसतो. माणसाच्या हातात त्या धंद्याने काय भरले ते आपण पाहत नाही.

प्रेक्षकाला नाही म्हणूनही गल्ला भरतो, हे हिचकॉकने १९६० च्या ‘सायको’त दाखवले होते. सुमारे आठ लाख डॉलरांत, बराचसा स्वतःच्या पदरच्या पैशाने, दूरदर्शनवर काम करणाऱ्या मंडळींकडून त्याने तो करून घेतला आणि पाऊण तासात नायिकेलाच मारून टाकले. अमाप पैसा मिळाला. पण तो नकारही पुन्हा एक गळच होता. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये अशी जाहिरात त्यानेच लावली होती. त्या नकारात काही दुखत नाही.

दुखणारा नकार मी पाहिला तो आपल्याच भाषेत. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ चा. त्याच्या अखेरीस डुकरे धरणाऱ्या घरातला पोरगा चिडून दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाच्या अंगावर. चित्रपटाचा गौरव झाला, दिग्दर्शकाला पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण चित्रपटगृहात बसलेले बहुतेक लोक दगड लागण्याआधीच पटलेले होते. माझी बहीण त्यांतलीच, मीही त्यांतलीच. मग २०१६ साली ‘सैराट’ आला. फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २९ एप्रिलला महाराष्ट्रात लागला. मराठीत प्रथमच शंभर कोटींच्या घरात गल्ला गेला. मी तो साताऱ्यात पाहिला. ‘झिंगाट’ सुरू झाले तशी पोरे खुर्च्यांवर चढली, मग पडद्यापुढे जाऊन नाचू लागली. शिट्ट्यांनी काही ऐकू येईना. भाच्याच्या भाषेत, पैसे वसूल. आणि अखेरीस संगीत थांबते, आवाजच थांबतो. तान्हे मूल घरात येते, आईबापांना पाहते आणि रडत बाहेर जाते. फरशीवर त्याची पावले उमटतात. दिवे लागले तरी कोणी उठेना. नाचलेल्या पोरांपैकी एकाचा मोबाइल वाजला, तो त्याने न पाहताच बंद केला.

ही पोरे ‘झिंगाट’शिवाय तेथे आली नसती. गल्लाभरू गाणे हा त्या घराचा दरवाजा होता, आणि दगड ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत तो या वेळी पोहोचला. तेव्हापासून बहिणीचा नियम मी मानत नाही. मात्र भाच्याचाही मानत नाही. कारण तेच ‘झिंगाट’ आजही लग्नाच्या वरातींत वाजते, आणि त्यांतल्या पुष्कळ लग्नांत जात आधी पाहिलेली असते. डबा रिकामा झाला, एवढ्याने पोटात काय गेले ते कळत नाही.

स्पीलबर्गने २०२२ साली, पंचाहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या बालपणावर ‘द फेबलमन्स’ काढला. जाणकारांनी त्याला उचलून धरले, गल्ला मात्र जमला नाही. १९७६ च्या बरोबर उलटे. त्यात एक प्रसंग असा की शाळेतला एक दांडगा पोरगा या ज्यू मुलाला छळतो, मारतो. आणि हा मुलगा शाळेच्या सहलीचे चित्रण करताना त्याच दांडग्याला देखणा, देवासारखा दाखवतो. सगळी शाळा टाळ्या वाजवते. दांडगा एकटा गाठून विचारतो, मला असा का दाखवलास? तो रडवेला झालेला असतो. पडद्यावरच्या आपल्या इतके चांगले आपण कधीच असणार नाही हे त्याला कळलेले असते. मुलाला नीट उत्तर देता येत नाही. कदाचित घडीभर तरी तू माझ्याशी नीट वागावेस म्हणून, कदाचित नुसता चित्रपट चांगला व्हावा म्हणून. मला वाटते, स्नानाच्या त्या प्रसंगाबद्दल त्याला कोणी मनापासून विचारले असते, तर त्याचे उत्तर याच वळणावर गेले असते.

आत्याची गोष्ट राहिलीच. त्या भाऊबिजेच्या पुढच्या वर्षी तिने कोणाला न सांगता तांदूळ भिजत घातले. चकलीची भाजणी त्या साली भाजलीच नाही, आणि आम्ही मुले दोन दिवस तोंड वाकडे करून हिंडलो. तिसऱ्या दिवशी तिने पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. म्हणजे पसरून, विरघळून सगळ्या कढईभर झाला. दुसराही हसला. तिसऱ्याच्या वेळी काकू काही मागायला म्हणून आल्या, त्यांनी कढईत पाहिले, आणि एक शब्द न बोलता पाट ओढून चुलीशी बसल्या. पिठात थोडी कोरडी पिठी मिसळायला लावली, जाळ कमी करायला सांगितला. चौथा जमला. मग पदराने कपाळ पुसत काकू म्हणाल्या, “एक मागू का वन्सं? तुमच्या भाजणीचं प्रमाण सांगा मला. आमच्याकडे अनारसे तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यात पडून असतात. पोरं चकलीसाठी तुमच्याकडे पळतात.”

आत्या थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने प्रमाण सांगितले : तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, उडीद किती, धने-जिरे किती. मोहन किती घालायचे ते मात्र सांगितले नाही.